सासूबाईंची सिस्टीम

३ मार्च, सोमवार

आज सासूबाईंनी माझं गटार पुसलं.

मी पुस्तकांच्या शेवटची सूची करते. कोणता शब्द कुठल्या पानावर, ती बारीक टायपातली यादी. असली तर कोणी बघत नाही, नसली तर शिव्या घालतात. सध्या हातात आहे शहरांच्या सांडपाण्याचा इतिहास, पानं आठशे चाळीस, मुदत अठ्ठावीस तारीख. सकाळी ‘गटार, उघडे’पासून ‘गटार, तुंबलेले’पर्यंत सगळं नीट लावून मी अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर माझ्या फाइलच्या जागी पत्त्यांचा डाव.

“आई, इथे माझं काम उघडं होतं.”

“ते मध्ये मध्ये येत होतं. बंद केलं.”

“सेव्ह करायचं का विचारलं असेल ना त्याने?”

“विचारलं की. मी नाही म्हटलं. माझं नव्हतं ना ते.”

बाई तर्कशुद्ध आहे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन महिन्यांपूर्वी त्या स्वतःच्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आमच्या मधल्या खोलीत आहेत. वॉकर घेऊन चालतात. वय त्र्याहत्तर. दिवसभर करायचं काय, तर माझा लॅपटॉप. नवऱ्याचा ऑफिसचा आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. माझा म्हणजे घरचा.

ही डायरी लॅपटॉपवरच ‘वॉशिंग मशीन वॉरंटी’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. जगात कोणीही आपणहून तो फोल्डर उघडणार नाही.

५ मार्च, बुधवार

लॅपटॉप काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा माणूस प्रत्येक यंत्राकडे आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा बघतो.

“सासूबाईंना वेगळं अकाउंट करून द्या,” म्हणाला.

“दिलं होतं. दोन्ही उघडी राहिली की याला धाप लागते.”

“मग दुसरी सिस्टीमच टाका. लिनक्स. हलकी आहे, फुकट आहे. सुरू करताना विचारेल कुठली हवी. त्या त्यांच्या दारातून आत, तुम्ही तुमच्या.”

डिस्कची वाटणी केली. तीन हिस्से मला, एक त्यांना. आमच्या घराण्यात भांडणाशिवाय झालेली ही पहिलीच वाटणी. निघताना त्याने एक पेनड्राइव्ह दिला. “हा जपून ठेवा, यातूनही मशीन सुरू होतं. आणि पुढे ती सिस्टीम काढायची झाली तर आधी मला विचारा. स्वतः काही करू नका.”

मी हो म्हटलं. मला काय अक्कल नाही?

घरी येऊन सासूबाईंना दाखवलं. काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, वर त्यांचं, खाली माझं. चष्मा नाकावर ढकलून त्यांनी पाहिलं.

“माझं वर का?”

“ते आपोआप येतं.”

“बरं आहे,” म्हणाल्या. खूश झाल्या होत्या, पण दाखवणार नाहीत.

९ मार्च, रविवार

चार दिवस स्वर्ग. सकाळी नऊ ते एक मी, दुपारी दोन ते पाच त्या. माझ्या फाइलींना धक्का नाही. सासूबाई पत्ते सोडून भलतंच काहीतरी करतात. पडद्यावर नुसती अक्षरं, त्या टाइप करतात आणि ते उत्तर देतं. एक्स्चेंजच्या दिवसांची आठवण येते म्हणाल्या, खुंटी लावली की लाइन जोडली जाते तसं. दुरुस्तीवाल्याला दिवसातून दोनदा फोन असतो. तो बिचारा उचलतो.

बाकी तक्रारी आहेत तशाच. लिहून टाकते, म्हणजे तोंडातून जाणार नाहीत.

एक, ओला टॉवेल खुर्चीवर. माझ्याच. दोन, एकाच गाण्याच्या दोनच ओळी दिवसभर गुणगुणतात, त्याही बेसूर. तीन, ‘आमच्याकडे असं नव्हतं’. अहो बाई, तुमच्याकडे म्हणजे कुठे? तो मुलगा तुमच्याकडचाच आहे, त्यालाच मोजे उलटे टाकायची सवय आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करते. चहा त्यांच्यासारखा मला मेलं तरी जमणार नाही. पडायच्या आधी त्यांच्या घरी गेलं की मी खरं तर त्या चहासाठीच जायचे. हे त्यांना सांगितलं तर डोक्यावर बसतील.

१२ मार्च, बुधवार

परवापासून खुर्चीवर टॉवेल नाही. काही न बोलता नुसतं एकदा रोखून बघितलं होतं, तेवढं पुरलं. माझ्या नजरेत दरारा आहे हे नवऱ्याला पटत नाही.

गाणंही बंद. म्हणजे गाणं आहे, पण ओळी बदलल्या. आता पहिलं कडवं पूर्ण म्हणतात, आणि म्हणून झालं की माझ्याकडे बघतात. का बघतात कोण जाणे.

१५ मार्च, शनिवार

आज वॉकर ओट्याला टेकवून, एका पायावर भार देऊन सासूबाईंनी स्वतः चहा केला. मी ओरडले. पडल्या असत्या तर? “मला वाटलं कोणाला तरी प्यायचा असेल,” म्हणाल्या. दोन कप प्यायले. निमूटपणे.

सूचीत अडकलेय. ‘दुर्गंधी’ स्वतंत्र घ्यायची की ‘वास’ खाली? लेखकमहाशयांनी दोन्ही शब्द मन मानेल तसे वापरलेत. दिवस त्यातच गेला.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी पोळीचा तुकडा मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या, “ज्याला वास शोधायचाय तो दुर्गंधी कशाला शोधेल? दोन्हीकडे लिहावं आणि एकीकडून दुसरीकडे पाठवावं. आम्ही चुकीचा नंबर आला की तेच करायचो.”

बरोबर होतं त्यांचं. काम करताना मी तोंडाने पुटपुटते बहुतेक. सवय मोडायला हवी, घरात माणसं आहेत.

१९ मार्च, बुधवार

सासूबाई फिजिओथेरपीला गेल्या होत्या आणि नेमक्या त्याच वेळी नणंद आली. माझ्याहून मोठी आहे, मी ताई म्हणते. नवराही लवकर आला. म्हणजे ठरवून.

ताईंचं म्हणणं, आईने आता इथेच राहावं आणि तिचं घर विकून टाकावं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पुन्हा पडली तर? एक एजंट ओळखीचा आहे, जादा किल्ली त्याला दिलीसुद्धा.

“आईंना विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं तर नाहीच म्हणेल,” नवरा म्हणाला. “गिऱ्हाईक पक्कं झालं की समजावू.”

“तुला त्रास होत असेल तर तसं सांग,” ताई मला म्हणाल्या. फार गोड आवाजात.

आता नाही म्हटलं असतं तर मी सासू नको असलेली सून, आणि हो म्हटलं असतं तर घर विकणारी सून. मी गप्प बसले. कप उचलले, विसळले, एवढंच केलं.

खरं सांगायचं तर मला माझी मधली खोली परत हवीय. आणि हेही खरं की त्यांच्या पाठीमागे असं घर विकणं म्हणजे चोरी आहे. ही दोन्ही वाक्यं मी एकाच डोक्यात घेऊन फिरतेय आणि दोन्हींचा उपयोग शून्य, कारण मी तोंड उघडलं नाही. भित्री कुठली.

२३ मार्च, रविवार

जेवताना बॉम्ब. ताईही होत्या. सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “पुढच्या रविवारी मी माझ्या घरी जातेय.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “आई, जिना आहे.”

“माहीत आहे. मीच राहते तिथे. चौतीस पायऱ्या.”

“चढणार कशी?”

“एकेक करून. आणि घर विकायला काढलं असेल तर ते आधी बंद करा. माझ्या सहीशिवाय विकता येत नाही एवढं मला कळतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी! मी काय केलं? मी एका शब्दाने बोलले नाही, आईशप्पथ. संध्याकाळी नवरा म्हणाला, “निदान कबूल तरी कर.” मी म्हटलं, “काय कबूल करू? गप्प बसले एवढाच माझा गुन्हा.” तो पाठ फिरवून झोपला. ताईंनी तर जाताना चप्पल अशी घातली की चपलेलाही माझा राग आला असावा.

आणि सासूबाई? त्या शांतपणे आपल्या सिस्टीममध्ये खटखट करत बसल्या होत्या. एकदा म्हणायचं की हिने नाही सांगितलं, माझं मला कळलं. तेवढंही नाही.

२५ मार्च, मंगळवार

हे कागदावर लिहितेय, प्रूफांच्या पाठकोऱ्या पानांवर. कारण लॅपटॉप मेलाय. मी मारला.

सकाळी लॅपटॉपने बजावलं, जागा संपत आली. जागा कुठे गेली तर एक हिस्सा त्यांच्याकडे. दोन दिवस नवरा बोलत नाही, ताई फोन उचलत नाहीत, आणि जिच्यामुळे हे सगळं ती रविवारी निघालीच आहे. मग तिची सिस्टीम हवी कशाला? त्या फिजिओथेरपीला गेल्या आणि मी त्यांचा हिस्सा शोधून काढला. ‘यातलं सगळं जाईल, नक्की?’ असं विचारलं त्याने. मी हो म्हटलं. मला सांगायला लाज वाटते, पण हो म्हणताना बरं वाटलं.

मग मशीन बंद करून सुरू केलं. काळा पडदा. त्यावर एक पांढरी ओळ आणि लुकलुकणारी खूण. दोन नावं नाहीत. त्यांचं नाही, माझंही नाही. कुठलं दार उघडायचं हे विचारणारा द्वारपालच त्यांच्या हिश्श्यात राहत होता, हे मला कोणी सांगितलं? म्हणजे, सांगितलं होतं. आधी मला विचारा म्हणाला होता.

सूची आत. आठशे चाळीस पानांची. मुदत शुक्रवारी. शेवटची प्रत दुसरीकडे ठेवली होती ती फेब्रुवारीतली, त्यात आम्ही अजून विहिरींवर आहोत.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. गावाला गेलाय, गुरुवारी येतो. “तुम्ही काही केलंत का?” म्हणाला. मी म्हटलं, आपोआप झालं.

२६ मार्च, बुधवार

सकाळी मी ओट्याशी उभी राहून रडत होते. नवरा ऑफिसला गेल्यावर रडते मी, वेळ ठरलेली आहे. मागून वॉकरचा आवाज आला.

“काय झालं?”

सांगितलं. सगळं. पुसलं तेही सांगितलं, कारण लपवून काय करणार होते? त्यांचं जे काही होतं ते गेलं, माझंही गेलं.

सासूबाईंचा चेहरा बघवेना. मग म्हणाल्या, “तो पेनड्राइव्ह आण.”

पेनड्राइव्ह लावला, कुठलंसं बटण दाबून धरायला लावलं आणि पडदा उजळला. त्यांची सिस्टीम, पण पेनड्राइव्हवरची. “हे पाहुण्यासारखं आहे. बाहेरून येतं, घरात वाकून बघतं,” म्हणाल्या. त्यांनी दोन-चार ओळी टाइप केल्या. आणि माझी डिस्क समोर उघडली. पासवर्ड नाही, विचारणं नाही. माझे सगळे फोल्डर, रांगेत.

“सांडपाणी कुठेय?” मी वाकून शोधू लागले.

“डाव्या बाजूला, ‘चालू कामं’ मध्ये,” त्या पडद्याकडे न बघताच म्हणाल्या. दुसरा पेनड्राइव्ह लावून सूची त्यावर उतरवली. पूर्ण. ‘हौद’पर्यंत. माझ्या जिवात जीव आला.

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “वॉशिंग मशीनची वॉरंटीपण कॉपी करू?”

मी खुर्चीत बसले.

टॉवेल. गाणं. चहा. दुर्गंधी. मी दरारा समजत होते.

“तुम्ही वाचत होतात,” मी म्हटलं.

“एक्स्चेंजमध्ये आम्ही ऐकायचो नाही. कानावर पडायचं. तसंच हे. माझ्या बाजूने तुझी बाजू दिसते, बंद करायचं कसं ते मला माहीत नव्हतं.”

“आणि वॉरंटी उघडायचं कसं ते माहीत होतं?”

“मशीन गळत होतं गं. मला वाटलं वॉरंटी असेल तर बघावी.”

मला हसू येत होतं आणि संतापही आला होता. “आई, ती माझी डायरी होती! माझी! त्यात मी काय वाटेल ते लिहीन!”

“हो,” त्या म्हणाल्या. “आणि ते माझं घर आहे.”

मी सूचीचा पेनड्राइव्ह काढून मुठीत घेतला.

मग मी म्हटलं, “पहिल्या दिवशी चूक म्हणता येईल. पुढे रोज वाचलंत.”

“वाचलं. चुकलंच. पण लिहितेस कुजकट आणि छान. दुपारचे तीन तास जातात.” मग हळूच, “मी बेसूर नाही.”

“आहात.”

“चहाचं खरं लिहिलंस ते आवडलं.”

“आणि मग मी लिहिलं म्हणून तुम्ही चाललात? ती मधल्या खोलीची ओळ?”

“केवढा भाव खातेस! तुझ्या एका ओळीसाठी मी चौतीस पायऱ्या चढणारे?” त्यांनी कपाळाला हात लावला. “मला इथे आल्यापासून जायचंय. माझ्या फाइली पुसल्या नसत्यास तर दाखवलं असतं.”

२८ मार्च, शुक्रवार

सूची पाठवली. पोच आली. लेखकमहाशयांना ‘दुर्गंधी’ फार आवडली म्हणे.

काल दुरुस्तीवाला आला. त्याला मी खरं सांगितलं. त्याने सुस्कारा टाकला, तासभर खपला आणि सासूबाईंचा हिस्सा जसाच्या तसा उठवला. पुसलेलं लगेच मरत नसतं म्हणाला, वर दुसरं काही लिहिलं नाही तर सापडतं. सासूबाई त्याला म्हणाल्या, “हिची बाजू मला दिसणार नाही असं कुलूप लावून द्या.” माझ्यासमोर म्हणाल्या. त्याने लावून दिलं.

मग त्यांनी मला फाइली दाखवल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र, जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवा म्हणून. तारीख सहा मार्च. सिस्टीम टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी! तेव्हा ताई आल्याही नव्हत्या, मी तक्रारीही लिहिल्या नव्हत्या. शेजारीण सकाळी आणि संध्याकाळी बेल वाजवणार, तिचं हो आलेलं. घरकामाच्या बाईंचं वेळापत्रक. आणि फिजिओथेरपीच्या पायऱ्यांचा तक्ता. पहिल्या दिवशी दोन. मग पाच. मग नऊ, ‘उजवा पाय रडला’. मंगळवारी, मी त्यांचं सगळं पुसत होते त्या तासाला, त्या पस्तीस चढल्या होत्या.

“एक जास्त का?” मी विचारलं.

“असू दे. हाताशी.”

नवऱ्याला संध्याकाळी सगळं सांगितलं. डायरीसकट. तो आधी माझ्यावर रागावला, मग आईवर, मग लॅपटॉपवर. शेवटी म्हणाला, “माझ्याबद्दल काय लिहिलंयस?” मी म्हटलं, मोजे. तो म्हणाला, रविवारी गाडी मी काढतो.

३० मार्च, रविवार

गेलो. नवरा, मी, सासूबाई, दोन बॅगा. नवा कठडा बसला होता, रंग अजून चिकट. वॉकर नवऱ्याने वर नेला. मी त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून, पडल्या तर झेलायला. झेलणार काय कपाळ, दोघी एकदम खाली आलो असतो.

सतराव्या पायरीवर त्या थांबल्या. घाम आला होता. नवरा वरून म्हणाला, “आई, परत जाऊया का?” त्यांनी मान हलवली, कठडा घट्ट धरला आणि पुढचा पाय टाकला. मी मोजत होते. चौतीस.

दार उघडंच होतं.

आत एक माणूस टेप धरून उभा होता आणि एक तरुण जोडपं सासूबाईंच्या झोपायच्या खोलीत भिंत मोजत होतं. कपाट कुठे बसेल याची चर्चा चालली होती. नवरा दारातच दगडासारखा. त्याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि थांबवायचं राहिलं? मी विचारलं नाही. कधीतरी विचारीन.

सासूबाई वॉकरवर टेकून आत गेल्या. त्या मुलीला म्हणाल्या, “त्या भिंतीला कपाट नको लावूस, पाठीमागे बाथरूम आहे, ओल येते. खिडकीच्या बाजूला लाव.”

“तुम्ही पण बघायला आलात?” मुलीने विचारलं.

“मी राहायला आले.”

एजंटचा चेहरा पडला. “ताईंनी मला सांगितलं होतं की इथे कोणी नसतं.”

“आता असतं,” सासूबाई म्हणाल्या.

मी पुढे झाले आणि हात पसरला. “किल्ली द्या.”

“मी ताईंना विचारतो,” तो नवऱ्याकडे बघत म्हणाला.

“ज्यांचं घर त्या इथे उभ्या आहेत. किल्ली द्या.” माझा आवाज जिन्यात घुमला. शेजारचं दार किलकिलं झालं. एजंटने किल्ली माझ्या हातावर ठेवली. एकोणीस तारखेला कप विसळत गप्प बसलेल्या बाईचा हात होता तो. आज पुढे होता.

ते जोडपं सॉरी सॉरी म्हणत गेलं. नवऱ्याने बॅगा आत ठेवल्या, पंखे लावून बघितले, नळ सोडून बघितले. मग आईसमोर उभा राहून म्हणाला, “चुकलं आमचं.” सासूबाईंनी त्याचा गाल थोपटला. जरा जोरातच.

मी चादर बदलली, गोळ्या उशाशी लावल्या, फोन चार्जिंगला लावला. आणखी काय करावं म्हणून भांडी पुसायला घेतली.

“अगं,” सासूबाई खुर्चीत बसून म्हणाल्या, “आता जा तुम्ही.”

“चहा करून देऊ?”

“तुझा? नको.” मग हसल्या. “जा. मला जरा एकटीला बसायचंय.”

बाहेर पडलो. दार लागलं. नवरा भराभर खाली गेला, मी वरच्या पायरीवर उभी राहिले. आतून वॉकरचा ठक ठक आवाज दारापर्यंत आला. थांबला. मग कडी लागली, मोठ्याने, दोन वेळा ओढून बघून.

खाली नवऱ्याने विचारलं, “काय म्हणाली?”

“काही नाही. कडी लावली.”

ताईंना किल्लीचं मीच कळवणार आहे, उद्या सकाळी, स्वतःच्या तोंडाने.